येवा, फुडे येवा

आमच्या भावोजींनी गेल्या वर्षी एक स्पीडबोट घेतली. सेकंडहँड, अठरा फुटी, फायबरची, मागे 60 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, घरचे जावई. जावयाने काही घेतलं की सासरच्यांनी तोंडभर कौतुक करायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मिक्सर असो, प्लॉट असो, बोट असो. आईने देवबागच्या जेटीवर इंजिनाला हळदकुंकू लावलं, मामाने नारळ फोडला आणि आम्ही सातजण चढलो.

चढलो ते रीतीप्रमाणे चढलो. मागे इंजिनाला टेकून मऊ गादीचा सोफा होता, म्हणजे मानाची जागा. तिथे मामा, मामी आणि आई. मामाचं वजन 96 किलो. हे त्याने स्वतःहून कधी सांगितलेलं नाही, मालवणला धान्याच्या दुकानातल्या काट्यावर गंमत म्हणून उभा राहिला तेव्हा फुटलेली बातमी आहे. सोफ्याखाली पेट्रोलची टाकी आणि बॅटरी. सोफ्याशेजारी सोलकढी, बर्फ आणि तळलेल्या बांगड्यांचा डबा असलेली थंड पेटी. पेटीवर मामीच्या माहेरचा फणस. मधे सुकाणूच्या चाकाशी भावोजी, त्यांच्या बाजूला ताई. पुढे नाळेकडे फायबरचा कडक बाक होता, तिथे मी आणि आठवीतला भाचा, कारण घरात आम्हाला मान नाही.

भावोजींनी कर्ली नदीच्या शांत पाण्यात बोट काढली आणि खटका पुढे ढकलला. इंजिनाने गर्जना केली. बोटीचं नाक वर आलं, आणखी वर आलं, आणि वरच राहिलं. मी आणि भाचा माडाच्या शेंड्याकडे निघाल्यासारखे आकाशात. मागे मामाच्या पाठीशी पाणी काठोकाठ. समोरच्या काचेतून भावोजींना फक्त ढग दिसत होते, म्हणून ते उभे राहिले. उभे राहूनही दिसेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पुढे काही आहे का?" मी म्हटलं, "भोगवे आहे, पण अजून लांब आहे."

ते लांबच राहिलं. इंजिन किंचाळत होतं, मागे नांगरटीत पडते तशी पाण्याची खोल सरी पडत होती, पेट्रोलचा काटा घड्याळातल्या सेकंदकाट्यासारखा खाली येत होता आणि आम्ही जवळजवळ सायकलच्या वेगाने चाललो होतो. एक म्हातारा मासेमार आपली लांब, अरुंद होडी घेऊन शेजारून पुढे गेला. त्याच्या होडीला आमच्या इंजिनाच्या पोराएवढं इंजिन. तोंडातली विडी न काढता त्याने आस्थेने विचारलं, "इंजिन बिघडला काय?"

इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते असं.

कुठलीही बोट पाणी बाजूला सारत चालते तेव्हा स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की लाट लांबते. होता होता ती बोटीइतकीच लांब होते: एक उंचवटा नाळेखाली, दुसरा पिछाडीखाली. त्याहून जास्त वेग मागितलात की मागचा उंचवटा आणखी मागे सरकतो, पिछाडी खड्ड्यात बसते आणि बोट आपणच उभ्या केलेल्या डोंगरावर चढायला लागते. तुम्ही जोर लावाल तसा डोंगरही वाढतो. ही हद्द कुठे येते त्याचा हिशोब बोटवाल्यांना तोंडपाठ असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. आमची बोट 16 फूट पाण्यात. वर्गमूळ 4, गुणाकार 5.36 नॉट, म्हणजे ताशी साधारण दहा किलोमीटर. म्हाताऱ्याची होडी लांब आणि सडपातळ, तिची लाटच बेताची. तिला ही शिक्षा फारशी लागू होत नाही. आमची बोट रुंद आणि गुबगुबीत.

रुंद बोटीला यातून सुटायचं तर एकच वाट: पाण्यातून जाणं सोडून पाण्यावरून जाणं. लहानपणी तळ्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढायचो, तोच प्रकार. वेग पुरेसा असला आणि तळ योग्य तिरका असला की पाणी खालून ढकलतं, बोट उचलली जाते आणि आपल्याच लाटेच्या माथ्यावरून पुढे उतरते. याला प्लेनिंग म्हणतात. देवबागात म्हणतात, "बोट उठली." आमची उठत नव्हती. उंबऱ्यात अडकलेल्या कपाटासारखी ती ना आत, ना बाहेर होती, आणि बोटीच्या आयुष्यातली सगळ्यात खर्चिक जागा तीच. हळू गेलात तर पेट्रोल थेंबाथेंबाने जातं. उठून पळालात तर बरंच जातं, पण अंतर तरी कापलं जातं. मधेच लोंबकळलात तर पेट्रोल पळणाऱ्याचं आणि वेग चालणाऱ्याचा.

बोट पाण्यावर उचलायची ही कल्पना मुळात एका पाद्र्याची, हे मला नंतर वाचून कळलं आणि फार बरं वाटलं. इंग्लंडात ससेक्समधल्या प्लेडन गावचे धर्मगुरू चार्ल्स मीड रामस यांनी 1872 मध्ये ब्रिटिश नौदलाला कळवलं, की जहाजाचा तळ एकामागे एक दोन उतार ठेवून बांधा, म्हणजे जहाज पाणी कापत बसणार नाही, वर चढून पळेल. नौदलाने हे प्रकरण विल्यम फ्रूड या इंजिनियरकडे पाठवलं. हे गृहस्थ टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून बघत असत. त्यांनी रामसबुवांची प्रतिकृतीही ओढून बघितली आणि निकाल दिला: जमायचं नाही. यात पाद्रीबुवांच्या बुद्धीचा दोष नव्हता. त्या काळची वाफेची इंजिनं इतकी जड होती, की जहाज उचलण्याची ताकद ज्याच्यात, त्याचंच वजन आधी उचलावं लागे. बुवा चाळीसएक वर्षं लवकर जन्मले, एवढाच त्यांचा अपराध. पुढे हलकी पेट्रोल इंजिनं आली आणि बोटी खरोखर उठायला लागल्या. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने 1909 मध्ये आउटबोर्ड मोटर बाजारात आणली: दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे 28 किलो. तळ्यापलीकडून होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळलं, म्हणून त्याने ती केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, होणाऱ्या सासरच्यांवर छाप पाडण्याच्या भानगडीतून आउटबोर्ड इंजिन जन्मलं असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्या भावोजींकडे पाहून तो वाढलाच.

तर बोट जेटीला परत आली. पंचवीस लिटरच्या टाकीतलं बरंचसं पेट्रोल कर्ली नदीला अर्पण झालं होतं. आता सल्ले सुरू झाले.

कोकणात बोट बंद पडली की सल्लागार कुठून येतात हे एक कोडंच आहे. पाच मिनिटांपूर्वी जेटीवर एक कुत्रा होता, आता अकरा माणसं होती. त्यांतल्या नऊजणांचं मत एकच: "इंजिन मोठं घाला." नव्वदचं घाला. शंभराचं घाला. एकाने तर दोन घालायला सांगितली. हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. लग्नात जेवण कमी पडलं, मोठा हॉल घ्या. मुलगा नापास झाला, मोठा क्लास लावा. मोठं इंजिन म्हणजे आणखी वजन, आणि तेही नेमकं पिछाडीलाच, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आमचं आहे तेच शंभर-सव्वाशे किलोचं. भावोजी मात्र हिशोब मांडायला लागले होते. ताईच्या चेहऱ्यावरून तिच्या बांगड्यांचाही हिशोब त्यात आला असावा.

दहावा मिस्त्री होता. त्याने एकच प्रश्न विचारला: "पूर्ण खटका दिल्यावर फेऱ्यांचा काटा किती दाखवतो?" भावोजी म्हणाले, 4400. "कंपनीच्या पुस्तकात?" पुस्तक ताईच्या पर्समध्ये होतं, त्यात 5000 ते 6000 लिहिलेलं. मिस्त्रीने मान हलवली. "पंखा जड आहे."

पंख्याचं प्रकरण मला आवडलं. बोटीच्या पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला त्याचा व्यास, इंचांत. दुसरा पिच: पंख्याचा एक फेरा झाला की लोण्यातून स्क्रू जावा तसा तो किती इंच पुढे जाईल. (प्रत्यक्षात पाणी लोणी नसल्यामुळे थोडा घसरतोच.) जास्त पिच म्हणजे सायकलचा जड गिअर. सपाटीवर वेग देईल, पण चढावर पाय भरून येतील. पहिला मालक एकटाच फिरत असे, त्याला जड गिअर परवडला. आमच्यासारखं वऱ्हाड घेऊन घाट चढायचा तर हलका हवा. पिच एक इंच कमी केली की इंजिनाचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेने वाढतात, असा ठोकताळा आहे. मिस्त्रीने दोन इंच कमीचा पंखा आणायला सांगितलं.

अकरावा माणूस काहीच बोलला नव्हता. तो तांडेल होता, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, कमरेला चौकड्यांची लुंगी. तो बोटीत उतरला, मधली फळी उचलली आणि खाली हात घालून कोपरापर्यंत ओला करून दाखवला. तळात पाणी साठलेलं. आम्ही बादलीने काढलं, आठ बादल्या निघाल्या. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा आम्ही गेला तासभर आणखी एक मामा फुकट फिरवत होतो. मग त्याने बोट ओहोटीला वाळूवर कलती करवली. तळाला हिरवं शेवाळ आणि त्यात पांढरे, टोकदार बार्नॅकल चिकटलेले. बोट चार महिने पाण्यात उभी होती. तळ विळीसारखा गुळगुळीत हवा, आमचा खोबऱ्याच्या किसणीसारखा झाला होता. भाच्याने आणि मी कालथ्याने खरवडलं. (कालथा मामीचा होता. तिला अजून सांगितलेलं नाही.)

चार दिवसांनी पंखा आला आणि पुन्हा सगळे चढले, त्याच रीतीने: मामा, मामी, आई मागे, फणसाच्या जागी या वेळी कलिंगड. तांडेल या खेपेला सोबत होता. त्याने या बैठकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मामानूं, तुमी फुडे येवा."

जेटीवर शांतता पसरली.

आमच्या घरात मामाला आजवर कोणी पुढे या म्हटलेलं नाही. कार्यात तो पहिल्या पंगतीला असतो, गाडीत मागच्या सीटवर डावीकडे, बैठकीत लोडाला टेकून. मागची मऊ जागा मोठ्यांची आणि पुढची कडक पोरासोरांची, हा नियम बैलगाडीपासून चालत आलेला आहे. पाण्याला त्याची कल्पना नव्हती. वजन पिछाडीला साचलं की पिछाडी आणखी बसते, नाक आणखी चढतं आणि स्वतःच्या लाटेचा डोंगर आणखी उभा होतो. तेच वजन मधे-पुढे आणलं की नाक खाली येतं आणि तळ पाण्याला हवा त्या कोनात भेटतो, म्हणजे तीन ते पाच अंश. एवढाच कोन. नवरीने मान जेवढी खाली घालावी तेवढा.

मामा म्हणाला, "मी इथेच बरा आहे." मामी म्हणाली, "त्यांना पुढे वारा लागतो." भावोजी गप्प, कारण मामेसासऱ्यांना जड कसं म्हणायचं? मामा गप्प, कारण जावयाची बोट बसकी आहे हे कसं म्हणायचं? दोन्हीकडचा मान सांभाळत आम्ही अख्खी भरती घालवली असती. तांडेलाने ते एका वाक्यात सोडवलं. "मामानूं, फुडसून डॉल्फिन बरे दिसतत."

मामा उठला. त्याच्यामागून थंड पेटी गेली, मग कलिंगड, मग मामी. आई स्वतःहून मधे आली. मी आणि भाचा मागच्या मऊ सोफ्यावर बसलो. जन्मात पहिल्यांदा.

तांडेलाने भावोजींना खटक्यावरचं बटण दाखवलं. त्याने इंजिनाचा पाय मागेपुढे कलतो. पाय पूर्ण आत घ्या म्हणाला, म्हणजे पंखा पिछाडी उचलतो आणि नाक दाबतो. इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीचा आकडा भावोजींच्या जाकिटाला अडकवला. (त्याआधी ती दोरी चाकाजवळ तोरणासारखी लोंबत होती.) मग म्हणाला, "आता देवा."

नाक चढलं, पण गेल्या वेळेइतकं नाही. इंजिनाचा सूर वर गेला, काटा 5000 ओलांडून पुढे. मी मागे असल्यामुळे त्यानंतरचं सगळं मला जवळून दिसलं. आधी दोन्ही बाजूंना नाळेपाशी उडणारा फवारा हळूहळू मागे सरकायला लागला: भावोजींच्या खुर्चीपाशी आला, माझ्या कोपरापाशी आला, मागे गेला. इंजिनामागचं उकळतं पाणी खाली बसलं आणि मोकळं, सपाट झालं. बोटीला कोणीतरी मागून हलकेच ढोपर लावल्यासारखं झालं आणि नाक खाली आलं. काचेत ढग होते तिथे एकदम पाणी आलं, पाण्यापलीकडे भोगव्याचा डोंगर आला. इंजिनाचा आवाज तेवढाच, पण त्यातली तक्रार गेली. खालून चप-चप-चप, ओल्या हाताने भाकरी थापावी तसं.

"उठली," तांडेल म्हणाला. आई टाळ्या वाजवायला लागली. मामाला वाटलं डॉल्फिन दिसला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खटका भावोजींच्या हातात होता आणि तो शेवटपर्यंत ढकललेला होता. तांडेल वैतागला. "घाट चढून झालो, आता कित्याक रेटतास?" आणि हे खरं आहे. वर चढायला जेवढी ताकद लागते तेवढी वर टिकून राहायला लागत नाही. खटका मागे घेतला, काटा 4000 वर आणला, तरी बोट खाली आली नाही. पूर्ण खटक्यावर हे इंजिन ताशी वीसेक लिटर पितं, इथे जवळपास निम्म्यावर आलं, आणि वेग मात्र निम्मा झाला नाही. फायद्याचा वेग इथेच असतो, चढ संपल्यावर थोडं पुढे. त्याहून आणखी खाली घेतलंत की बोट मुकाट्याने पुन्हा खड्ड्यात बसते, मग परत तोच घाट, परत तोच खर्च.

आता बटणाने इंजिनाचा पाय थोडा थोडा बाहेर घ्यायचा. नाक केसभर उचललं जातं, तळाचा कमी भाग ओला राहतो, घर्षण घटतं, वेग फुकटात वाढतो. फुकटात म्हटल्यावर भावोजींनी बटण दाबून धरलं. तेव्हा बोट नाक वर-खाली, वर-खाली नाचवायला लागली. या प्रकाराला इंग्रजीत एका डॉल्फिनसारख्या प्राण्याचं नाव आहे. शेवटी पंख्याने पाण्याऐवजी हवा गिळली, इंजिन मोकळं किंचाळलं आणि कलिंगड मामीच्या पायावरून गडगडत माझ्यापर्यंत आलं. नाचायला लागली की पाय जरा आत घ्यायचा, नाच थांबतो. भावोजींना ते तिसऱ्या खेपेला जमलं. पुढे फार वजन घातलं तरी भानगड असते, नाक लाटेत घुसतं आणि बोट मनाला येईल तिकडे वळायला बघते, म्हणून नदी समुद्राला मिळते त्या संगमापाशी लाटा दिसायला लागल्यावर तांडेलाने मामाला एक बाक मागे घेतलं. मामा मुकाट उठला. एव्हाना त्याला आपल्या वजनाचा हुद्दा कळला होता. वाटेत तो स्वतःच विचारायला लागला, "आता कुठे बसू?"

परत येताना तो विडीवाला म्हातारा पुन्हा भेटला. या खेपेला आम्ही त्याच्या पुढे गेलो. शेजारून जाताना भावोजींनी वेग कमी केला, म्हणजे आमच्या लाटेने त्याची होडी हलू नये, आणि कमी करताच बोट खाली बसली, नाक वर गेलं. म्हाताऱ्याने विडी काढली. "बिघडला वाटता परत," म्हणाला, आणि शांतपणे पुढे निघून गेला.

मेअखेरीला बोट वर ओढून झापांच्या खोपीत ठेवली आहे, फळी उघडी आणि तळाला हवा लागेल अशी. पावसाळा सरला की पुन्हा पाण्यात उतरेल. देवबागला आलात तर जरूर बसा, भावोजी पैसे घेत नाहीत. फक्त चढताना आपलं वजन खरं सांगा, आणि तांडेल "फुडे येवा" म्हणाला की वय, नातं, हुद्दा काही न सांगता उठा. मागची मऊ जागा माझी आहे.